नवा मॅक मिनी (एम४): १६/२५६ (जीबी रॅम/साठवण) घ्यावा की वरचा? २०१८चा इंटेल मिनी बदलायचा आहे

टंकसाळ

नमस्कार मंडळी,

ॲपलने नवा छोटा मिनी आणलाय (एम४ चिपचा, २०२४चा). सगळीकडे त्याच्या आकाराचंच कौतुक चाललंय, कामाचं कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा.

सध्याचं यंत्र: २०१८चा मिनी, सहा कोअरचा आय५, रॅम नंतर वाढवून ३२ जीबी, आत ५१२ जीबीची एसएसडी, त्यात जेमतेम ६० जीबी मोकळी.

काम: इनडिझाइनमध्ये मराठी पुस्तकं (२५० ते ४०० पानं, काही भरपूर चित्रांची), सोबत फोटोशॉप, आणि आठवड्याला एखाद-दुसरा १५-२० मिनिटांचा ४के व्हिडिओ, तो रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मॉनिटर दोन: २७ इंची ४के आणि एक जुना २४ इंची १०८०पी.

प्रश्न असे:

१. ३२ जीबीवरून १६ वर उतरायचं जिवावर येतंय. खरंच पुरतात का?
२. ५१२साठी जादा २० हजार द्यायचे, की २५६ घेऊन बाहेर एसएसडी लावायची?
३. या कामाला एम४ प्रोचा (वरच्या चिपच्या मिनीचा) काही उपयोग?
४. यूएसबी-ए पोर्ट एकही नाही. कीबोर्ड, डिजिटल सहीचं टोकन, दोन जुन्या हार्ड डिस्का यांचं काय?
५. पूर्वीचे मराठी फॉन्ट आणि जुन्या फाइली चालतील का?

दुकानात विचारलं तर "सर, प्रोच घ्या" एवढंच उत्तर मिळतं.

---

दशांश चिन्ह

क्रम सोडून सांगतो, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे: प्रो नको.

४के व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना एच.२६४ किंवा एचईव्हीसीचं (व्हिडिओ आवळून साठवण्याच्या पद्धतींचं) काम चिपमधलं वेगळं मीडिया इंजिन करतं. एम४ आणि एम४ प्रो दोन्हींत एन्कोडचं इंजिन एकेकच आहे, दोन आहेत ती त्याहून वरच्या एम४ मॅक्स चिपमध्ये. त्यामुळे साधी कटिंग, रंग, थोडी अक्षरं असा व्हिडिओ बाहेर काढायला प्रो निम्मा वेळ घेईल ही आशा सोडा. नॉइज रिडक्शनसारखे जीपीयूला घाम फोडणारे इफेक्ट रोज लागत असतील तर १० ऐवजी १६ किंवा २० कोअरचा जीपीयू जाणवतो. मोठी भाषा-मॉडेलं घरच्या यंत्रावर चालवायची असतील तर २७३ जीबी प्रतिसेकंद मेमरी बँडविड्थ जाणवते (साध्या एम४ची १२० आहे). इनडिझाइनला यातलं काहीच जाणवत नाही. ते बहुतेक वेळ एकाच कोअरवर रेटत बसतं आणि एका कोअरचा वेग दोन्हीत जवळपास सारखाच.

आता रॅम. १६ पुरते की नाही हे दुसऱ्याला विचारू नका, तुमचं चालू यंत्रच सांगेल. रोजचं सगळं उघडा: सगळ्यात जड पुस्तक, फोटोशॉपमध्ये चार-पाच चित्रं, ब्राउझर, रिझॉल्व्ह. अर्धा तास काम करा. मग ॲक्टिव्हिटी मॉनिटर, मेमरी टॅब. खाली 'ॲप मेमरी', 'वायर्ड' आणि 'कॉम्प्रेस्ड' असे तीन आकडे असतात, त्यांची बेरीज करा. 'कॅश्ड फाइल्स' धरू नका. मॅकओएस मोकळी रॅम मोकळी ठेवतच नाही, त्या आकड्याला घाबरून लोक उगाच ३२ घेतात. बेरीज १३-१४च्या आत असेल तर १६ घ्या. १४ ते २२च्या मध्ये असेल तर २४. त्याच्या वर गेली तर ३२.

रॅम चिपच्याच पाकिटात बसवलेली आहे. २०१८च्या मिनीत तुम्ही जशी पट्टी बदललीत तसं इथे काहीच नाही. आज घ्याल तेवढीच शेवटपर्यंत.

किमती (भारतातल्या, करांसह, २०२४मध्ये बाजारात आला तेव्हाच्या):

१६/२५६: ५९,९०० (विद्यार्थी-शिक्षकांना ४९,९००)
१६/५१२: ७९,९००
२४/५१२: ९९,९००
एम४ प्रो २४/५१२: १,४९,९००

मेख अशी की तुमच्यासारख्या कामाला २४/२५६ सगळ्यात शहाणपणाचा, तेव्हाच्या भावाने ७९,९००ला. पण तो तयार मॉडेलांत नाही, म्हणून दुकानाच्या कपाटात सापडत नाही. ॲपलच्या साइटवर रॅम निवडून ऑर्डर द्यावी लागते आणि थोडे दिवस थांबावं लागतं. दुकानदार त्याचं नाव काढत नाही ते याचसाठी.

२५६चा वेग: एम२ मिनीच्या २५६मध्ये मेमरीची एकच चिप होती आणि वाचण्याचा वेग दीड हजार एमबीच्या आसपास अडकायचा. एम४मध्ये २५६ला दोन चिपा आहेत, ते दुखणं गेलंय. 'बेस मॉडेलची एसएसडी स्लो असते' हा सल्ला त्या काळातला आहे.

कोणी सांगेल की आतली एसएसडी काढता येते, नंतर बदला. काढता येते हे खरं. पण ती बाजारात मिळणारी एम.२ एनव्हीएमई नव्हे. त्या पट्टीवर फक्त साठवणुकीच्या चिपा असतात, कंट्रोलर मुख्य चिपमध्ये. साधी एम.२ तिथे बसतच नाही, आणि एम४ची पट्टी एम४ प्रोला लागत नाही. बदललीच तर यंत्र कोरं होतं, दुसऱ्या मॅकला केबलने जोडून डीएफयू मोडमधून (दुरुस्तीसाठीच्या खास अवस्थेतून) सिस्टिम परत भरावी लागते. त्याआधी तळ उचकटणं, टॉर्क्स स्क्रू, केसासारख्या रिबन केबली. वॉरंटीच्या पहिल्या वर्षात तरी त्या वाटेला जाऊ नका.

---

पडदानशीन

मॉनिटर आणि पोर्टांविषयी.

मागे: गिगाबिट इथरनेट, एक एचडीएमआय, तीन थंडरबोल्ट ४ (यूएसबी-सीच्याच आकाराचे, पण जास्त वेगाचे). पुढे: दोन यूएसबी-सी (१० गिगाबिटवाले) आणि हेडफोनची खाच. पुढच्या दोन पोर्टांतून मॉनिटर चालत नाही. आकार तोच असल्यामुळे लोक तिथे केबल खुपसतात आणि मॉनिटर खराब आला म्हणून परत द्यायला निघतात. स्क्रीन फक्त मागून.

२७ इंची ४के एचडीएमआयऐवजी यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलने थंडरबोल्टमध्ये लावा. एचडीएमआयनेही ६० हर्ट्झ मिळतात, पण ड्रॉवरमधली जुनी केबल निघाली तर ४के ३० हर्ट्झवर येतं आणि माउस तुटक-तुटक पळतो. दोष मिनीला दिला जातो. एचडीएमआय मग १०८०पीला मोकळा राहतो.

डिस्प्लेज सेटिंगमध्ये ४केला '२५६० बाय १४४०सारखं दिसेल' हा पर्याय ठेवा. मॅकओएस आतमध्ये ५१२० बाय २८८०चं चित्र काढून ते ४केवर आखडतं. अक्षरं ठीक दिसतात आणि एम४ला त्याचा भार कळतही नाही.

२४ इंची १०८०पीवर मात्र मराठी मजकूर वाचायचा नाद सोडा. इंचाला ९२च्या आसपास पिक्सेल, त्यात २०१८च्या मोहावीपासून ॲपलने सब-पिक्सेल स्मूदिंग (कमी पिक्सेलांवर अक्षरं गुळगुळीत दाखवायची युक्ती) काढून टाकलंय. रोमन अक्षर कसंबसं तगतं. 'र्कीं' मधला रफार, वेलांटी आणि अनुस्वार मात्र एकमेकांत मिसळून डोक्यावर एकच ठिपका दिसतो. त्या स्क्रीनवर पॅलेट, फोल्डर, व्हिडिओची टाइमलाइन ठेवा, प्रूफ वाचू नका.

यूएसबी-ए: कीबोर्ड आणि टोकनला दोन साधे सी-ते-ए जोड पुरे. जुन्या अडीच इंची फिरत्या हार्ड डिस्का दोन्ही एकाच बिनपॉवरच्या हबवर लावू नका. दोन्ही एकदम फिरायला लागल्या की हबला वीज पुरत नाही आणि 'डिस्क नॉट इजेक्टेड प्रॉपर्ली'ची पाटी येते. एक-दोनदा निभावतं, तिसऱ्यांदा फोल्डर उघडत नाही. ॲडॉप्टर असलेला हब घ्या किंवा प्रत्येक डिस्क थेट मिनीला लावा.

मिनीच्या खाली ठेवायचे डॉक विकायला येतात. घेताना खालची बाजू बघा. हवा आत येते ती तळाच्या गोल पायातून आणि गरम होऊन बाहेर पडते तीही तिथूनच. डॉकला तिथे मोकळी वाट हवी. सपाट पाटासारखा डॉक म्हणजे पंख्याच्या नाकावर हात.

पहिल्यांदा चालू करताना तारेचा कीबोर्ड-माउस जवळ असू द्या. खोक्यात दोन्ही नसतात, फक्त मिनी आणि पॉवर केबल.

---

अनुस्वार

पाचवा प्रश्न यंत्राचा नाही, पण यंत्र बदलताना तोच अंगावर येतो.

फॉन्टांचे तीन ढीग करा.

पहिला: पोस्टस्क्रिप्ट टाइप १, हा फॉन्टचा जुना प्रकार. ॲडोबीने जानेवारी २०२३पासून यांचा आधार काढून घेतलाय. नव्या इनडिझाइनमध्ये ते यादीतच दिसत नाहीत आणि फाइल उघडली की गुलाबी पट्टे. नवा मिनी येण्याआधी जुन्या यंत्रावर, जुन्या आवृत्तीत, त्या फाइलींच्या पीडीएफ काढून ठेवा, फॉन्ट एम्बेड करून. टाइप मेनूतल्या 'फाइंड फॉन्ट'मध्ये प्रत्येक फॉन्टचा प्रकार दिसतो, तिथून यादी करा.

दुसरा: युनिकोडपूर्व ट्रू टाइप मराठी फॉन्ट. हे चालतात. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात, मराठी फक्त दिसतं. पुनर्मुद्रणाला पुरेसे आहेत. पण त्यात शोधता येत नाही, ई-बुक होत नाही. नवं पुस्तक यात सुरू करू नका.

तिसरा: युनिकोड. इथे अडचण फॉन्टची नसते, कंपोजरची (इनडिझाइनमध्ये अक्षरं-ओळी जुळवणाऱ्या भागाची) असते. जोडाक्षरं सुटी-सुटी दिसली, वेलांटी व्यंजनाच्या मागे गेली, तर पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशन उघडा आणि कंपोजर 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' करा. कॅरेक्टर फॉरमॅटमध्ये भाषा मराठी ठेवा. फॉन्टात सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श त्यातूनच येतात. नाहीतर अख्खं पुस्तक हिंदी वळणाच्या 'ल'मध्ये छापून येतं आणि तो शेवटच्या प्रूफापर्यंत कोणाला दिसत नाही.

प्लगिन: इनडिझाइन आता ॲपलच्या चिपवर थेट चालतं आणि थेट चालताना इंटेलचे जुने प्लगिन उचलत नाही. असा एखादा अडला तर ॲपवर 'गेट इन्फो' घेऊन 'ओपन युजिंग रोझेटा'वर खूण करा (रोझेटा म्हणजे इंटेलची सॉफ्टवेअरं ॲपलच्या चिपवर चालवणारा दुभाषा). थोडं मंद होईल, चालेल.

आणि बूट कॅम्प विसरा. इंटेल मिनीत विंडोज टाकून जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते इथे येणार नाही. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११ची आर्म आवृत्ती (ॲपलच्या चिपच्या जातीसाठीची) चालते, साधी सॉफ्टवेअरंही चालतात, पण यूएसबी लॉकवाली (यूएसबीत किल्ली खोचल्याशिवाय न उघडणारी) नाहीत. लॉकचा ड्रायव्हर इंटेलसाठी लिहिलेला असतो, आर्म विंडोज तो घेत नाही. एक जुना पीसी कोपऱ्यात ठेवा, तोच इलाज.

डिजिटल सहीच्या टोकनाचंही तेच तत्त्व: जोड मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, टोकनाचा मॅकवरचा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. जुना लेझर प्रिंटर आणि स्कॅनर त्याच यादीत टाका.

---

टंकसाळ

सगळ्यांचे आभार. बेरीज केली: पुस्तक, फोटोशॉप, ब्राउझर धरून १३.२, रिझॉल्व्ह उघडल्यावर १७.६. म्हणजे २४. २४/२५६ ऑर्डर करतोय.

राहिलेले दोन प्रश्न: बाहेरची एसएसडी नेमकी कोणती लावू, आणि जुन्यातला ४५० जीबी पसारा २५६मध्ये कसा नेऊ?

---

दशांश चिन्ह

१७.६ला २४ बरोबर.

एसएसडीचे तीन दर्जे आहेत.

१० गिगाबिटचं एनव्हीएमई डबडं (आत एसएसडीची पट्टी बसते ते): हजार एमबीपर्यंत वेग. तुमच्या ४के फुटेजला आणि पुस्तकांच्या चित्रांना हे पुरून उरतं. माझी शिफारस हेच.

२० गिगाबिटचं, म्हणजे '२ बाय २' लिहिलेलं: मॅकवर पैसे वाया. मॅक तो प्रकार ओळखत नाही, १० वरच चालवतो. जाहिरातीतला दोन हजारांचा आकडा विंडोजवाल्यांसाठी.

यूएसबी४ किंवा थंडरबोल्ट: तीन हजारांच्या आसपास, आतल्या एसएसडीच्या बरोबरीचं. पण डबडं महाग, तापतं, आणि मागचा एक थंडरबोल्ट अडकतो. बाहेरूनच सिस्टिम चालवायची असेल तरच.

तसं चालवू नका असंही सांगतो. सिस्टिम आणि ॲप आत, माल बाहेर. होम फोल्डर बाहेर हलवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. एक दिवस केबल ढिली असते, लॉगिन करता आणि डेस्कटॉप रिकामा.

नवी डिस्क आली की डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' करून वरचं नाव निवडा, खालचा व्हॉल्यूम नव्हे. इरेज, एपीएफएस, जीयूआयडी पार्टिशन मॅप. बहुतेक डिस्का एक्सफॅट येतात. त्यावर फोटोजची लायब्ररी ठेवता येत नाही, आणि वीज जाऊन लिहिणं अर्धवट राहिलं तर एक्सफॅट सावरत नाही.

मग हे क्रमाने, जुन्या यंत्रावरच:

१. टाइम मशीनचा पूर्ण बॅकअप, वेगळ्या डिस्कवर. हा टप्पा गाळू नका.
२. फोटोजची लायब्ररी नव्या डिस्कवर कॉपी करा. ऑप्शन दाबून फोटोज उघडा, नवी लायब्ररी निवडा, सेटिंग्जमध्ये 'यूज ॲज सिस्टिम फोटो लायब्ररी' करा. फोटो उघडून बघा, मगच जुनी पुसा.
३. फुटेज आणि झालेली पुस्तकं हलवा. पुस्तक हलवताना नुसती फाइल नाही, इनडिझाइनमधून 'पॅकेज' करून. नाहीतर चित्रांच्या लिंका तुटतात.
४. आयफोनचे जुने बॅकअप बघा. फाइंडरमध्ये फोन जोडून 'मॅनेज बॅकअप्स'. ४०-५० जीबी तिथेच निघतात.
५. उरलेला डेटा १५० जीबीच्या आत आला की मायग्रेशन असिस्टंट (जुन्या मॅकवरचं सगळं नव्यावर नेणारं ॲपलचं ॲप). नव्यावर जागा पुरणार नसेल तर तो पुढे जाऊच देत नाही. दोन्ही मिनी थंडरबोल्ट केबलने जोडा. वायफायवर रात्र जाते.

नव्यावर गेल्यावर फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (कामापुरता तात्पुरता डेटा ठेवायची जागा) आणि रिझॉल्व्हच्या वर्किंग फोल्डरांचा पत्ता बाहेरच्या डिस्कवर द्या. आत ५०-६० जीबी कायम मोकळे ठेवा. सिस्टिमच्या अपडेटला ते लागतात.

आता एक गंमत, हिच्यात भलेभले फसतात. डिस्क मिनीच्या डोक्यावर ठेवली की ब्लूटूथ माउस अडखळायला लागतो. यूएसबी ३चा डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं. माउसची बॅटरी बदलून, मिनी रिसेट करून काही होत नाही. डिस्क फूटभर लांब न्या, केबल चांगल्या शिल्डिंगची वापरा, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

---

भारनियमन

विजेचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पॉवर सप्लाय आतच आहे, बाहेर विटेसारखा ॲडॉप्टर नाही. केबल म्हणजे टेपरेकॉर्डरला यायची तीच, इंग्रजी आठच्या आकाराची, दोन तारांची. म्हणजे अर्थिंगची तार नाही. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या अंगावर हाताची पाठ हलकेच फिरवली की कधीकधी मुंग्या आल्यासारखं वाटतं, टेस्टर लावला तर मंद पेटतोही. पॉवर सप्लायमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून झिरपणारा तो अगदी किरकोळ करंट आहे, बिघाड नव्हे. मॉनिटर तीन पिनी प्लगचा असेल तर त्याच्या केबलच्या धातूच्या आवरणातून मिनीलाही अर्थिंग मिळतं आणि मुंग्या थांबतात. मॉनिटर तीन पिनी असूनही थांबत नसतील तर सॉकेटचं अर्थिंगच नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, सर्व्हिस सेंटरला नको.

खप: काही चालू नसताना ४ वॉट, एम४ पूर्ण रेटला तर ६५. मॉनिटर धरून शंभराच्या आसपास. ६०० व्हीएचा यूपीएस पंधरा-वीस मिनिटं देतो, बॅटरी नवी असेपर्यंत. यूएसबी डेटा पोर्ट असलेला यूपीएस घ्या. मिनीला जोडला की एनर्जी सेटिंगमध्ये त्याचे पर्याय येतात आणि 'बॅटरी इतकी उरली की बंद हो' असं सांगता येतं. बाहेरची एसएसडी आणि पॉवरवाला हबही यूपीएसवरच लावा. मिनी चालू राहून डिस्क मेली तर उपयोग काय?

तिथेच 'वीज गेल्यावर आपोआप सुरू हो' हाही पर्याय आहे. मिनी सुरू होतो, पण फाइलव्हॉल्ट (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू असेल तर पासवर्डच्या पाटीवर थांबतो, आणि मॅकओएस २६ (टाहो, २०२५) येण्यापूर्वी तोवर बाहेरून रिमोटने शिरता येत नसे. यंत्र दुसऱ्या गावाहून वापरणार असाल तर हे आधी ठरवा.

आणि ते गाजलेलं पॉवर बटण. तळाला आहे, मागच्या डाव्या कोपऱ्यात. कोपरा बोटभर उचलून दाबायचं. रोज स्लीपमध्येच ठेवलात तर महिन्यातून एकदा हात लागेल. केबली मात्र इतक्या ताणून लावू नका की मिनी उचलताच मागची एसएसडी निसटेल.